टाकी न उतरवता गळती थांबते म्हणे!

जुन्या दोन-आसनी स्पोर्ट्स कार सांभाळणाऱ्यांमध्ये एक हमखास उपाय फिरत असतो. पेट्रोलची टाकी गळायला लागली तरी ती उतरवू नका, ओल दिसेल तिथे इपॉक्सी पुटी थापा, आत व्हिनेगर भरून रात्रभर ठेवा, मग आतूनच सीलरचा, म्हणजे छिद्रं बुजवणारा लेप फिरवा, जन्माची चिंता मिटली. भोक मोठं असेल तर टाकी रिकामी करून वेल्डिंग. यातलं व्हिनेगर अर्धंमुर्धं खरं आहे. शेवटचा सल्ला जीवघेणा आहे.

'ओल दिसते तिथेच भोक.' पेट्रोल जोडाच्या कडेकडेने वाहतं आणि सगळ्यात खालच्या टोकाला ठिबकतं. त्यामुळे आधी गळती कधी होते ते बघा. टाकी काठोकाठ भरल्यावरच वास येत असेल आणि अर्ध्यावर आल्यावर सगळं कोरडं असेल, तर संशय फ्लोटच्या (पेट्रोलची पातळी दाखवणाऱ्या तरंगत्या भागाच्या) गॅस्केटवर, पेट्रोल भरायच्या नळीवर किंवा हवेच्या नळीवर घ्या. जुनं रबर कडक होऊन तडकतं. इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठी न बनवलेलं रबर तर लवकरच. पुष्कळ 'फुटक्या' टाक्या नवीन नळी आणि गॅस्केटवर बऱ्या होतात. इंजेक्शनच्या, म्हणजे दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीला मात्र तो दाब सोसणारी नळीच घाला, कार्ब्युरेटरवाली चालत नाही.

'टाकी उतरवायची गरज नाही.' सगळा घोळ इथे आहे. १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचंच बघा. तिची टाकी डिकीच्या तळाखाली टांगलेली असते. टाकी आणि तळ यांच्या फटीत चिखल-पाणी अडकून राहतं, आणि पत्रा वरच्या बाजूने, बाहेरून कुजतो. गाडीखाली झोपून पाहिलं तर टाकी ठणठणीत वाटते. आतली गोष्ट उलटी: पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशी बसतं, म्हणून आतला गंज तळ खातो. दोन्ही जागा टाकी खाली घेतल्याशिवाय कळत नाहीत. खाली घेतली की टोच्याने वरचा पत्रा आणि तळ दाबून बघा. दोन-तीन ठिकाणी टोच्या आत गेला तर पुढचं काही करू नका, नवीन टाकी घ्या. एमजीबीसाठी ती अजून बनते. जिच्यासाठी मिळत नाही, तिच्यावरच एवढी मेहनत करावी.

पुटीबद्दल फार बोलायला नको. पेट्रोलने ओल्या पत्र्यावर ती धरत नाही, आणि गंजावर लावली तर गंजासकट सुटते. वाटेतच गळती लागली तर त्यापेक्षा साबणाची वडी घासावी. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. अर्थात घरी पोचेपर्यंतच.

'व्हिनेगरने गंज जातो.' जातो, सावकाश. पण टाकीला जस्ताचा मुलामा असेल तर त्यालाही ते खातं. आधी फ्लोट आणि पंप बाहेर काढा, मग सुट्या खपल्या पाडा. त्यासाठी नट-बोल्ट आत टाकून टाकी हलवायला सांगतात. आतल्या आडव्या पत्र्यांमागे ते अडकून बसतात. साखळी बरी, एक टोक हातात राहतं. व्हिनेगर ओतून टाकल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच गरम हवेने सुकवलं नाही, तर पत्रा पुन्हा तांबूस होतो. आणि 'जोरदार' म्हणून सुचवलं जाणारं हायड्रोक्लोरिक आम्ल गंजावर थांबत नाही, पत्राही खातं.

'लेप दिला की जन्माची चिंता मिटली.' लेप असतो मजबूत पत्र्यातल्या सुईएवढ्या छिद्रांसाठी. खाली तेलकटपणा किंवा खपली राहिली तर तो पापुद्र्यासारखा सुटतो आणि पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. मग गाडी चढावर दम तोडते आणि लोक कार्ब्युरेटर खोलत बसतात. काही जुन्या प्रकारचे लेप इथेनॉलने मऊ पडतात, त्यामुळे डब्यावर इथेनॉलचा उल्लेख बघूनच घ्या. लेप ओला असतानाच बाहेर जाणाऱ्या आणि परतीच्या नळ्यांतून हवा मारली नाही, तर त्याच बुजतात.

आता वेल्डिंग. 'रिकामी टाकी सुरक्षित' हे साफ खोटं आहे. हवेत पेट्रोलची वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की ती पेट घेते. भरलेल्या टाकीत वाफ त्याहून दाट असते. रिकामीत ती नेमकी या मापात येऊ शकते. उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट्रोलवर पेट घेण्याइतकी वाफ तयार होते, आणि ती हवेपेक्षा जड असल्याने टाकीत साचून राहते. पाण्याने धुतली तरी जोडांत आणि गंजाच्या थरांत मुरलेलं पेट्रोल उष्णता लागताच बाहेर येतं. तेव्हा हे काम टाकी वाफेने धुऊन, आत निष्क्रिय वायू सोडून करणाऱ्या कारागिराचं. कथलाचा डाग द्यायचा तरी हीच खबरदारी.

काम झाल्यावर टाकीत हवा भरून तपासणी साबणाच्या फेसाने करा. हवा दोन पीएसआयच्या (टायरची हवा मोजतात त्याच मापाच्या) आसपास, त्यावर नाही. कॉम्प्रेसरच्या पूर्ण दाबाने टाकी फुगते आणि धड असलेले जोडही उघडतात. परत बसवताना वरच्या पत्र्याला दोन हात रंग द्या, आणि पाणी शोषून धरणारी जुनी फोमची पट्टी पुन्हा वापरू नका.