पाद्री बोट दाखवतील तोच अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष?

"1973 साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने गर्भपाताला परवानगी दिली आणि देशभरातले पाद्री खवळून उठले. त्यांनी मोरल मेजॉरिटी काढली, 1980 मध्ये रेगनला गादीवर बसवलं. तिथले सगळे ख्रिश्चन एकगठ्ठा मतदान करतात, म्हणून तेव्हापासून पाद्री बोट दाखवतील तोच राष्ट्राध्यक्ष होतो."

अमेरिकेत निवडणूक आली की अशा आशयाचा मजकूर आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरू लागतो. गंमत म्हणजे तो दोन्ही बाजूंनी फिरतो. एक गट पाठवतो तो 'धर्म राजकारणात घुसला की काय होतं बघा' म्हणून, दुसरा 'ते कसे एक होतात, जरा शिका' म्हणून. दोघांच्याही सोयीचा असल्यामुळे तपासायच्या भानगडीत कुणी पडत नाही. तेव्हा एकेक वाक्य घेऊ.

"1973 च्या निकालाने पाद्री खवळले"

कॅथलिक बिशप खवळले होते, तेही निकालाच्या आधीपासून. पण मोरल मेजॉरिटी ही राजकीय संघटना उभी राहिली ती प्रामुख्याने दक्षिणेकडच्या बॅप्टिस्ट आणि इतर इव्हँजेलिकल (बायबलचा शब्द प्रमाण मानणाऱ्या, धर्मप्रसारावर भर देणाऱ्या) प्रोटेस्टंट मंडळींच्या जोरावर, आणि ती मंडळी तेव्हा बरीचशी थंड होती. गर्भपात हा कॅथलिकांचा विषय, आपला नव्हे, असं त्यांच्यात सर्रास मानलं जाई. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन ही अमेरिकेतली सर्वांत मोठी प्रोटेस्टंट संघटना. तिने 1971 मध्ये सेंट लुईसच्या अधिवेशनात ठराव केला तो चक्क काही परिस्थितींत गर्भपाताला कायद्याने मुभा द्यावी म्हणून. बलात्कार, जवळच्या नात्यातले संबंध, गर्भातलं गंभीर व्यंग, आईच्या शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला धोका, अशी कारणंही त्यात दिली होती. 1974 मध्ये, म्हणजे निकाल लागल्यानंतर, तीच भूमिका पुन्हा उचलून धरली गेली. डॅलसच्या फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चचे डब्ल्यू. ए. क्रिस्वेल म्हणजे सनातन्यांतले सनातनी. त्यांनीही निकालावर समाधान व्यक्त केलं होतं. आणि ज्यांच्या नावाने मोरल मेजॉरिटी ओळखली जाते त्या जेरी फॉलवेल यांनी गर्भपातावर पहिलं प्रवचन दिलं ते 1978 साली. खवळायला पाच वर्षं लागत नाहीत.

मग खवळले कशावर? इन्कम टॅक्सवर.

ही गोष्ट नीट सांगायला हवी, कारण फॉरवर्डमध्ये तिचा मागमूसही नाही. 1954 मध्ये सुप्रीम कोर्टाने गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. दक्षिणेतल्या अनेक गोऱ्या पालकांनी मग खासगी शाळांचा रस्ता धरला आणि त्यांतल्या कितीतरी शाळा चर्चच्या आवारात उभ्या राहिल्या. फॉलवेल यांची व्हर्जिनियातल्या लिंचबर्गची शाळा 1967 ची. अशा शाळा धर्मादाय म्हणून करमुक्त असत. 1971 मध्ये मिसिसिपीच्या एका खटल्यात कोर्टाने सांगितलं की वर्णभेद करणाऱ्या खासगी शाळेला ही सवलत मिळणार नाही. साउथ कॅरोलायनातल्या बॉब जोन्स युनिव्हर्सिटीत 1971 पर्यंत काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेशच नव्हता. पुढे तो मिळाला, तरी वेगळ्या वर्णाच्या मुलामुलींनी एकमेकांबरोबर फिरण्यावरची बंदी थेट 2000 पर्यंत टिकली. 1976 च्या जानेवारीत करखात्याने या विद्यापीठाची सवलत काढून घेतली. तेव्हा राष्ट्राध्यक्ष फोर्ड होते, पण खापर फुटलं ते पुढे आलेल्या कार्टर यांच्या डोक्यावर.

ठिणगी पडली 1978 मध्ये. करखात्याने नवा नियम सुचवला: सरकारी शाळा एकत्र होत असताना ज्या खासगी शाळा निघाल्या किंवा वाढल्या, त्यांनी आपण भेदभाव करत नाही हे आकड्यांनिशी दाखवावं. खात्याकडे निषेधाची लाखाहून अधिक पत्रं आली आणि संसदेने या कामाचा पैसाच अडवला. पॉल वायरिक हा वॉशिंग्टनमधला मुरलेला संघटक. हेरिटेज फाउंडेशन या उजव्या विचारांच्या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक, आणि स्वतः कॅथलिक. गेली कित्येक वर्षं तो या पाळकांना राजकारणात ओढू पाहत होता. शाळेतल्या प्रार्थनेपासून अश्लील साहित्यापर्यंत सगळी आमिषं टाकून झाली होती, मासा गळाला लागत नव्हता. करखात्याने हात घातला तेव्हा लागला, असं त्याने पुढे स्वतःच सांगितलं आहे. 1979 मध्ये लिंचबर्गच्या बैठकीत 'मोरल मेजॉरिटी' हे शब्दही सुचवले ते त्यानेच.

यावरून सगळा मामला निव्वळ वर्णद्वेषाचा होता, असं मी म्हणणार नाही. सरकारी शाळांतली प्रार्थना कोर्टाने 1962 मध्ये बंद केली होती, 1977 मध्ये मायामीत समलिंगींच्या हक्कांवरून रण पेटलं होतं, स्त्री-पुरुष समानतेच्या घटनादुरुस्तीवरून घराघरांत वाद होते. राग साठत आलेला होताच. आणि 1980 उजाडेपर्यंत साध्या चर्चला जाणाऱ्या माणसासाठी गर्भपात हा खरोखरच जिव्हाळ्याचा प्रश्न झाला होता, त्याला ढोंग म्हणणं अन्यायाचं होईल. पण आंदोलन सुरू कशाने झालं आणि पुढे कशावर चाललं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

"रेगनला गादीवर बसवलं"

1980 मध्ये कार्टर यांच्या पदरात 538 पैकी 49 इलेक्टोरल मतं पडली. महागाई 13 टक्क्यांच्या वर गेलेली, तेहरानमध्ये 52 अमेरिकन ओलीस, त्यांना सोडवायला गेलेली हेलिकॉप्टरं वाळवंटात निकामी झालेली. अशा वेळी समोर कोणीही असता तरी कार्टर अडचणीत होतेच. वर्षभराची संघटना एवढी लाट उसळवत नाही. फार तर लाटेवर स्वार होते.

उलट उमेदवारांची तुलना करून बघा. कार्टर सदर्न बॅप्टिस्ट, रविवारी संडे स्कूलमध्ये बायबल शिकवणारे, आयुष्यभर एकाच पत्नीबरोबर संसार केलेले. रेगन घटस्फोटित, हॉलिवूडचे नट, आणि कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना 1967 मध्ये गर्भपाताची अट सैल करणाऱ्या कायद्यावर सही केलेले. पाळकांनी बॅप्टिस्टाला सोडून नटाला जवळ केलं! ऑगस्ट 1980 मध्ये डॅलसच्या मेळाव्यात हजारो पाळकांसमोर रेगन म्हणाले की तुम्ही मला जाहीर पाठिंबा देऊ शकत नाही हे मला ठाऊक आहे, पण माझा तुम्हाला पाठिंबा आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. सौदा कोणी कोणाशी केला, हे त्या एका वाक्यात आहे.

मिळालं काय? पुढच्याच वर्षी रेगननी सुप्रीम कोर्टावर सँड्रा डे ओ'कॉनर यांना नेमलं. फॉलवेलनी नाराजी दाखवली तर त्यांच्याच बाजूचे बुजुर्ग सिनेटर बॅरी गोल्डवॉटर त्यांच्यावर अशा भाषेत घसरले की इथे छापता येणार नाही. याच ओ'कॉनरबाईंनी 1992 मध्ये गर्भपाताचा हक्क वाचवण्यात हातभार लावला. शाळेत प्रार्थना परत आणणारी घटनादुरुस्ती 1984 मध्ये सिनेटमध्ये पडली. मोरल मेजॉरिटीला 1989 मध्ये कुलूप लागलं.

"सगळे ख्रिश्चन एकगठ्ठा मतदान करतात"

यावर फार शाई खर्चायला नको. काळे प्रोटेस्टंट श्रद्धेने तितकेच कडवे असूनही प्रचंड बहुमताने डेमोक्रॅटिक पक्षाला मत देतात. कॅथलिक विभागलेले आहेत. ज्यांच्याबद्दल ही सगळी चर्चा चालते ते गोरे इव्हँजेलिकल आज लोकसंख्येच्या जेमतेम 14 टक्के आहेत, आणि सदर्न बॅप्टिस्टांची सभासदसंख्या 2006 मधल्या एक कोटी 63 लाखांवरून एक कोटी 30 लाखांच्या खाली आली आहे. मराठी माणसाला नगर-सोलापूरकडची अमेरिकन मिशनची शाळा-दवाखाने माहीत असतात. ती मंडळी काँग्रेगेशनल पंथाची. त्यांचा वारसा सांगणाऱ्या युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टने 2005 मध्येच समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारा ठराव केला. हेही अमेरिकन ख्रिश्चनच.

"पाद्री बोट दाखवतील तोच राष्ट्राध्यक्ष"

याची परीक्षा घ्यायला आयोवासारखं राज्य नाही. रिपब्लिकन पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीची सुरुवात तिथून होते आणि तिथल्या रिपब्लिकन मतदारांत इव्हँजेलिकल भरपूर. 1988 मध्ये टीव्हीवरचे धर्मोपदेशक पॅट रॉबर्टसन स्वतः उभे राहिले, आयोवात थोरल्या बुशना मागे टाकून दुसरे आले, आणि साउथ कॅरोलायनात, म्हणजे आपल्याच अंगणात, आपटले. बॉब व्हँडर प्लाट्स हे आयोवातलं या वर्तुळातलं सर्वांत वजनदार नाव. राष्ट्राध्यक्षपदाच्या रिपब्लिकन इच्छुकांपैकी 2008 मध्ये ते हकबींच्या बाजूने, 2012 मध्ये सँटोरमच्या, 2016 मध्ये टेड क्रूझच्या. तिघेही आयोवा जिंकले. तिघांपैकी एकालाही पक्षाची उमेदवारी मिळाली नाही. मग 2023 मध्ये त्यांनी डिसँटिस यांच्यावर हात ठेवला. जानेवारी 2024 मध्ये ट्रम्पनी आयोवा सुमारे 30 टक्क्यांच्या फरकाने मारलं.

2016 चं चित्र तर आणखी बोलकं. जेम्स डॉब्सन, टोनी पर्किन्स अशी इव्हँजेलिकल नेत्यांतली मोठी नावं प्राथमिक फेरीत क्रूझच्या मागे होती. सदर्न बॅप्टिस्टांच्या धोरणविभागाचे प्रमुख रसेल मूर तर ट्रम्पवर उघड टीका करत होते. खालचा मतदार मात्र ट्रम्पकडे निघून गेला. उमेदवारी पक्की झाल्यावर नेतेही एकेक करत मागून आले, आणि नोव्हेंबरमध्ये गोऱ्या इव्हँजेलिकलांची दहातली आठ मतं ट्रम्पना पडली. मूर यांना पुढे आपल्या लोकांची बोलणी खावी लागली आणि 2021 मध्ये त्यांनी पद आणि संघटना दोन्ही सोडली. मेंढपाळ कळपामागे धावताना दिसतो तो इथे.

मग वजन नाहीच का?

आहे, आणि चांगलंच आहे. फक्त फॉरवर्ड दाखवतो तिथे नाही.

1990 च्या दशकात राल्फ रीड चालवत असलेल्या ख्रिश्चन कोअलिशन या इव्हँजेलिकल संघटनेचं पत्रक बघा. एकच कागद. वर दोन उमेदवारांचे फोटो, खाली मुद्द्यांची यादी आणि प्रत्येकापुढे 'पाठिंबा' किंवा 'विरोध'. अमक्याला मत द्या, असं कुठेही लिहिलेलं नाही, कारण 1954 च्या कायद्याने चर्चसारख्या करमुक्त धर्मादाय संस्थांना उमेदवाराचा प्रचार वर्ज्य आहे. मतदानाच्या आदल्या रविवारी हे कागद चर्चमध्ये वाटले जात. मुद्दे असे निवडलेले आणि अशा शब्दांत मांडलेले की शेंबड्या पोरालाही कोणता फोटो आपला ते कळावं. शाळा मंडळं, काउंटीच्या समित्या, पक्षाच्या स्थानिक शाखा, जिथे मूठभर मतांवर निकाल फिरतो, तिथे या कागदाने काम केलं. राष्ट्राध्यक्ष ठरवण्यापेक्षा ते सोपं होतं आणि जास्त टिकाऊही.

दुसरी जागा न्यायाधीशांच्या नेमणुका. मे 2016 मध्ये ट्रम्पनी सुप्रीम कोर्टासाठी 11 संभाव्य नावं जाहीर केली. ही यादी फेडरलिस्ट सोसायटी ही उजव्या विचारांच्या वकिलांची संघटना आणि हेरिटेज यांच्या वर्तुळातून आलेली, म्हणजे वकिलांनी केलेली. त्यांतला बिनीचा माणूस लिओनार्ड लिओ, तोही कॅथलिक. ट्रम्पनी तीन न्यायाधीश नेमले आणि 24 जून 2022 रोजी 1973 चा निकाल रद्द झाला. रद्द करणाऱ्या पाचांत बॅप्टिस्ट एकही नव्हता. इव्हँजेलिकलांनी मतं पुरवली, कायद्याचं डोकं दुसऱ्यांचं होतं.

आणि लोकांनी विचारल्यावर? दोनच महिन्यांत, 2 ऑगस्टला, कॅन्ससमध्ये राज्यघटनेतून गर्भपाताचं संरक्षण काढायचा प्रस्ताव मतदानाला आला आणि 59 विरुद्ध 41 टक्क्यांनी पडला. कॅन्सस, जिथे राष्ट्राध्यक्षपदासाठी 1968 पासून सलग रिपब्लिकन उमेदवारच जिंकत आला आहे. 2023 मध्ये ओहायोतही तसंच झालं. ट्रम्पनी वारा ओळखला. जुलै 2024 मध्ये पक्षाच्या जाहीरनाम्यातून देशव्यापी गर्भपातबंदीची जुनी मागणी गाळली गेली आणि विषय राज्यांवर सोडून दिला. पर्किन्स आणि इतरांनी जाहीर नाराजी दाखवली. नोव्हेंबरात गोऱ्या इव्हँजेलिकलांची दहातली आठ मतं पुन्हा ट्रम्पनाच पडली.