रोजच्या ताटाचा फोटो टाकताय? मग सोबत एवढं तरी लिहा

नाशिकमधल्या खाणाऱ्या आणि रांधणाऱ्या सगळ्या मंडळींना एक मनापासूनची विनंती आहे. सणावाराचे फोटो खूप येतात. पुरणपोळी येते, मांडे येतात, श्रीखंड येतं. मंगळवारच्या दुपारी घरात जे शिजतं ते मात्र क्वचितच दिसतं. घुटं, पिठलं, शेंगोळे, मेथी, बाजरीची भाकरी. "यात काय टाकायचं, हे तर रोजचंच" असं म्हणून ते राहून जातं. माझं मत नेमकं उलट आहे. आधी रोजचंच टाकावं, कारण पुरणपोळी वर्षातून पाच वेळा होते आणि भाकरी जवळजवळ रोज. ज्याला भाकरी जमत नाही त्याची अडचणही रोजचीच असते.

पण नुसता फोटो आणि खाली "आजचा बेत" एवढ्यावर दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात काहीही शिजत नाही. त्याला माप हवं, वेळ हवी आणि कुठे बिघडतं तेही कळायला हवं. "चवीनुसार", "अंदाजे", "थोडंसं" हे शब्द हात बसलेल्या माणसासाठी आहेत. शिकणारा तिथेच अडतो.

उदाहरण म्हणून उडदाचं घुटं घेऊ. नाशिक-नगर पट्ट्यात घरोघरी होतं, स्वस्त आहे, अर्ध्या-पाऊण तासात होतं आणि बिघडलं की इतकं बिघडतं की माणूस पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. चार जणांसाठी सालीची काळी उडीद डाळ 125 ग्रॅम. ती न धुता कोरड्या कढईत मंद आचेवर 5 ते 6 मिनिटं भाजायची, खमंग वास सुटेपर्यंत. आतला पांढरा भाग किंचित बदामी दिसला की थांबायचं. मग दोन पाण्यांतून धुऊन 450 मिली पाण्यात कुकरला 4 शिट्ट्या आणि नंतर मंद आचेवर 5 मिनिटं. कुकर आपोआप उतरू द्यायचा.

वाटणाला 6 हिरव्या मिरच्या, सोललेल्या लसणाच्या 12 पाकळ्या, 1 चमचा जिरं, मूठभर कोथिंबीर आणि भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा कीस 2 मोठे चमचे. हे पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये जाडसरच ठेवायचं. 2 मोठे चमचे तेलात मोहरी, हिंग, मग वाटण, आणि लसणाचा कच्चा वास जाईपर्यंत परतायचं. डाळ रवीने घोटून त्यात घालायची. 300 ते 350 मिली पाणी आणि दीड चमचा मीठ घालून 8 मिनिटं उकळायचं. हळद बरेच जण घालत नाहीत. घातली नाही तर घुट्याचा करडा-हिरवा रंग राहतो, आणि तोच त्याचा खरा रंग.

आता यातलं सर्वांत महत्त्वाचं, जे फोटोखाली कधीच लिहिलेलं नसतं. उडदाला मुळातच चिकटपणा असतो. डाळ भाजली नाही, किंवा रात्रभर भिजवून शिजवली, तर घुटं तार धरतं आणि घशात बसतं. जास्त घोटलं तरी तेच होतं. रवीचे पंधरा-वीस फेरे पुरे, थोडे अख्खे दाणे दिसले पाहिजेत. वरून घालायचं पाणी आधणाचं हवं. गार पाणी घातलं की उकळी तुटते आणि डाळ खाली, पाणी वर असं फुटल्यासारखं दिसतं. शिवाय घुटं निवताना घट्ट होत जातं, म्हणून गॅस बंद करताना ते वाढायला हवं त्यापेक्षा पातळ असलं पाहिजे. डावातून सलग धार पडते का बघा. तुटक गोळे पडत असतील तर अर्धी वाटी आधणाचं पाणी अजून घाला.

एवढं लिहायला दहा मिनिटं लागतात. वाचणाऱ्याचं मात्र एक जेवण वाचतं.

मापाबद्दल थोडं अजून. "एक वाटी" हे माप प्रत्येक घरात वेगळं असतं. कुणाची वाटी 100 मिलीची, कुणाची 200 मिलीची. भाताला तांदूळ आणि पाणी एकाच वाटीने मोजलं तर चालून जातं, पण घुट्यात वाटीने डाळ आणि "दोन तांबे पाणी" असं लिहिलं की संपलं. आपली वाटी एकदा पाण्याने भरून मोजून ठेवा आणि तो आकडा पोस्टमध्ये लिहा. मेथीची "एक जुडी" तर आणखी अवघड. थंडीत जुडी जाड असते, उन्हाळ्यात तिच्या निम्मी. निवडलेली पानं किती ग्रॅम ते लिहा. आणि मेथीत मीठ शेवटी घाला असंही लिहा, कारण पानं शिजून एवढीशी होतात आणि आधी डोळ्याने घातलेलं मीठ हमखास जास्त होतं.

मिरची कोणती तेही सांगावं. लवंगीच्या 6 आणि पोपटी लांब मिरचीच्या 6 यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कांद्याबद्दल तर आपण नाशिककरांनीच नीट लिहायला हवं. लासलगाव, पिंपळगाव आपल्या जिल्ह्यातले, आणि तरी पोस्टमध्ये फक्त "2 कांदे" असतं. दिवाळीच्या आसपास येणारा लाल कांदा पाणीदार असतो, चाळीत (कांदा साठवायच्या शेडमध्ये) टिकत नाही. मार्च-एप्रिलपासून निघणारा उन्हाळ कांदा घट्ट, कोरडा, महिनोन्‌महिने टिकणारा. रश्श्याच्या वाटणासाठी 200 ग्रॅम लाल कांदा परतायला घेतला तर आधी त्याचं पाणी सुटतं, ते आटेपर्यंत तो शिजत राहतो, भाजला जात नाही. उन्हाळ कांद्याला जी वेळ लागते तेवढ्यातच लाल कांदा उतरवला तर वाटणाला कच्चा गोडसर वास राहतो आणि सगळा रस्सा बेचव होतो. म्हणून "10 मिनिटं परता" यापेक्षा "कडा तपकिरी होऊन तेल सुटेपर्यंत, लाल कांदा असेल तर वेळ जास्त" असं लिहिलेलं उपयोगी पडतं. सुकं खोबरं कांद्यासोबत कधीच भाजू नका. ते दोन-तीन मिनिटांत होतं आणि जळलं की कडू लागतं. मग त्या कडवटपणाचं खापर मसाल्यावर फुटतं.

मसाल्याचंही तसंच. काळा मसाला वापरला की कांदा-लसूण मसाला, हे स्पष्ट हवं. कांदा-लसूण मसाल्यात बहुतेक वेळा मीठ असतंच, काळ्या मसाल्यात सहसा नसतं. वाचणाऱ्याने एकाच्या जागी दुसरा घातला आणि मीठ तेवढंच ठेवलं तर भाजी खारट होणारच. शेवभाजीत हा धोका दुप्पट, कारण शेवेतही मीठ असतं. तिथे रस्सा थोडा अळणीच ठेवायचा, नेहमीपेक्षा पातळ ठेवायचा, आणि भाजीची जाड शेव ताट वाढायच्या दोन-तीन मिनिटं आधी घालायची. फरसाणातली बारीक शेव घातली तर तिचं पिठलं होतं.

बाजरीच्या भाकरीवर प्रश्न सगळ्यांत जास्त येतात आणि उत्तरं सगळ्यांत मोघम मिळतात. म्हणून जरा सविस्तर.

पहिली गोष्ट, पीठ कधी दळलं ते लिहा. बाजरीत स्निग्धांश गहू-ज्वारीपेक्षा जास्त असतो, दळल्यावर तो लवकर खवट होतो. आठवडा-दहा दिवसांत पीठ कडवट लागायला लागतं, उन्हाळ्यात त्याच्याही आधी. जुन्या पिठाची विरी, म्हणजे गोळा धरून ठेवायची ताकद, जाते, मग कितीही मळा, भाकरी थापताना चिरतेच. एका वेळी किलोभरच दळून आणावं. जास्त असेल तर हवाबंद डब्यात भरून फ्रिजमध्ये.

दुसरी गोष्ट, पाणी. बाजरीत गव्हासारखा चिवटपणा धरणारा ग्लुटेन नाही. कडकडीत पाण्याने पिठातला स्टार्च थोडा शिजतो, त्याने गोळा धरून राहतो. 100 ग्रॅम पिठाला साधारण 80 ते 90 मिली पाणी, दळण बारीक-जाड असेल तसं थोडं कमी-जास्त. सगळं पाणी एकदम ओतायचं नाही. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ, तळहाताच्या टाचेने 3 ते 4 मिनिटं मळायचं. चार भाकऱ्यांचं पीठ एकदम मळून ठेवलं तर शेवटची भाकरी थापेपर्यंत गोळा कोरडा पडतो.

थापून झाली की पिठाची बाजू वर ठेवून तव्यावर टाका आणि लगेच वरून पाणी फिरवा. हे पाणी सुकत आलं, पण अजून ओलसर चमक आहे, तेव्हाच उलटा. पूर्ण सुकू दिलं तर मध्ये भेगा पडतात. दुसरी बाजू तपकिरी ठिपके येईपर्यंत भाजा, मग पहिली बाजू थेट आचेवर. कडा चिरत असतील तर मळणं कमी पडलंय किंवा पाणी गार होतं. कडा नीट, पण मध्ये भेगा असतील तर तवा जास्त तापलाय किंवा उलटायला उशीर झालाय. भेगा नाहीत तरी फुगत नसेल तर थापताना जाडी सारखी राहिलेली नाही. हे तीन दोष वेगवेगळे आहेत. प्रश्न विचारणाऱ्याने भाकरीचा फोटो टाकताना भेग नेमकी कुठे आहे ते दाखवलं तर एका ओळीत उत्तर देता येतं.

यावरून फोटोबद्दल. भरलेल्या ताटाचा फोटो सुंदर दिसतो, पण शिकवतो मधला फोटो. मळलेला गोळा दोन बोटांनी दाबल्यावर कसा दिसतो. कांदा किती रंगावर उतरवला. घुट्याची डावातून पडणारी धार. असे दोन फोटो शेवटच्या फोटोपेक्षा जास्त सांगतात. फोटो खिडकीच्या उजेडात घ्या आणि फिल्टर अजिबात लावू नका. पिवळ्या दिव्याखाली सगळीच भाजणी जास्त झालेली वाटते, फिल्टरने रस्सा लाल होतो, आणि बघणारा तो रंग आणायला लाल तिखट वाढवत बसतो.

डाळ शिजत नाही ही आणखी एक नेहमीची तक्रार. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर आहे, म्हणून इथे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात तूर शिजवणाऱ्याला किनाऱ्यावरच्या कृतीपेक्षा थोडा जास्त वेळ लागणारच. पण त्याहून मोठं कारण बहुतेकदा पाण्यात असतं. बोअरचं जड पाणी असेल तर त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे डाळ आणि कडधान्यं लवकर मऊ होत नाहीत. नळाचं पाणी वापरून एकदा करून बघा. आणि चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ पूर्ण शिजल्यावरच. आंबट आधी पडलं की दाणा कडकच राहतो. म्हणून पोस्टमध्ये नळाचं पाणी की बोअरचं, एवढे दोन शब्द लिहिले तरी खूप गोंधळ टळतो.

भाताचं थोडक्यात. इगतपुरीकडचा इंद्रायणी घेत असाल तर तो नवा की जुना ते सांगा. नव्याला 1 वाटीला पावणेदोन वाट्या पाणी पुरतं, जुन्याला दोन ते सव्वादोन लागतं. इंद्रायणी मुळातच चिकट आहे, तो मोकळा झाला नाही म्हणून कुणी हळहळू नये.

प्रत्यक्ष भेटून डबे वाटून खाणार असाल तर थोडा वेगळा विचार लागतो, कारण ताटातलं आणि डब्यातलं जेवण सारखं नसतं. बाजरीची भाकरी चार-पाच तासांत ताठ होते. न्यायचीच असेल तर पातळ थापा, गरम असतानाच तूप लावा आणि पूर्ण निवल्यावर सुती फडक्यात गुंडाळा. गरम भाकरी डब्यात बंद केली की वाफेने खालची ओली होते आणि वरची वातड. अशा बेताला धपाटे किंवा मेथीचे पराठे जास्त सोयीचे. घुटं न्यायचं तर जास्तच पातळ करा आणि वेगळ्या थर्मासमध्ये आधणाचं पाणी न्या. शेवभाजीचा रस्सा आणि शेव वेगळे डबे. आंबट पदार्थ ॲल्युमिनियमच्या किंवा कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात नकोत, स्टील बरं. उन्हाळ्यात शिजवलेला भात दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. त्यात वाढणारे काही जंतू असं विष तयार करतात जे पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. ओलं खोबरं आणि दही घातलेल्या भाज्याही अशा वेळी टाळलेल्या बऱ्या. सगळ्यांनी रस्साभाज्याच आणल्या आणि कोरडं काहीच नाही असं होतं, म्हणून आदल्या दिवशी कोण काय आणतंय ते ठरवून घ्या. दाणे-लसणाची कोरडी चटणी आणि ठेचा कुणीतरी आणावाच. डब्यावर चिठ्ठी लावून त्यात दाण्याचा कूट, तीळ, दूध असं काही असेल तर लिहा. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली माणसं असतात आणि आपल्या भाज्यांत कूट न सांगता पडलेला असतो.

आता फोटो बघणाऱ्यांसाठी. "मस्त", "तोंडाला पाणी सुटलं" लिहायला हरकत नाही, लिहिणाऱ्याला बरं वाटतं. पण त्याखाली एक प्रश्नही विचारा. डाळ किती भाजली, पीठ कधीचं, कांदा कोणता. प्रश्न आला की लिहिणाराही पुढच्या वेळी ते आपणहून लिहितो. कुणी बिघडलेल्या भाकरीचा फोटो टाकला तर हसू नका. चिरलेल्या भाकरीखाली चार जाणत्यांनी कारणं लिहिली तर ती पोस्ट फुगलेल्या भाकरीच्या दहा फोटोंपेक्षा उपयोगाची आहे. आणि "आमच्याकडे असं नाही करत" लिहायचं असेल तर तुमच्याकडे कसं करतात तेही मापासकट लिहा. घुट्यात खोबरं घालावं की घालू नये यावर गावागणिक मत वेगळं आहे, दोन्ही पद्धती लिहून ठेवल्या तर करून बघता येतील.

हुलग्याच्या शेंगोळ्यांची माहितीही हवी आहे. पिठात गहू किंवा ज्वारी मिसळता का, किती, आणि उकळत्या रश्श्यात सोडल्यावर ते विरघळू नयेत म्हणून काय करता, हे ज्यांच्या घरी नेहमी होतात त्यांनी खाली लिहा. पिठाचं वजन, पाणी आणि शिजायचा वेळ तेवढा नक्की द्या.