‘डी’ला दांडा, गाडी ढिम्म

ऑटोमॅटिक गाडीचा दांडा ‘डी’ला, म्हणजे ड्राइव्हला आहे, ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन बोंबलतंय आणि गाडी जागची हलत नाही. पुण्यातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये असं झालं की दोन मिनिटांत तज्ज्ञ जमतात आणि पहिला निकाल ठरलेला असतो : “गिअरबॉक्स गेला.” निदानापेक्षा ही श्रद्धांजलीच जास्त.

मला विचाराल तर सगळेच गिअर एकदम जाणं हीच आशेची खूण. गिअरबॉक्सच्या आतले क्लच सहसा एकेक करून जीव सोडतात. आज रिव्हर्स कुरकुरतो, महिन्याने वरचा गिअर घसरतो. पुढे-मागे सगळंच एका दिवसात बंद म्हणजे सगळ्यांचं सामाईक काहीतरी गेलं : ऑइल, पंप, केबल किंवा चाकाकडे जाणारा शाफ्ट. यातलं बरंचसं बॉक्सच्या बाहेर असतं.

म्हणून आधी केबल. हँडब्रेक ओढा, चाकांना विटा लावा, इंजिन बंद ठेवून किल्ली ऑन करा. एकाने ब्रेक दाबून दांडा हलवायचा, दुसऱ्याने बॉनेटखाली टॉर्च मारून गिअरबॉक्सवरची आर्म हलतेय का ते पाहायचं. दांडा फिरतोय आणि आर्म स्वस्थ, तर केबलच्या टोकाचा प्लास्टिकचा बुश तुटलाय. एवढ्याशा तुकड्यापायी अख्ख्या बॉक्सचं एस्टिमेट निघालेलं असतं.

मग शाफ्ट. ड्राइव्हशाफ्ट एका बाजूने तुटला किंवा निसटला की दोन चाकांत ताकद वाटणारं डिफरन्शियल सगळी ताकद त्याच मोकळ्या बाजूला उधळतं. खूण अशी, की उतारावर ‘पी’मध्ये, म्हणजे पार्कला असूनही गाडी घरंगळते. (पाय ब्रेकवरच असू द्या; खाली शेजाऱ्यांची गाडी असते आणि पुण्यात तो विषय गिअरबॉक्सपेक्षा महाग पडतो.)

आता ऑइल, आणि इथे खरी गंमत. बऱ्याच गाड्यांचं मॅन्युअल सांगतं, आधी गाडी चालवून ऑइल गरम करा, मग लेव्हल बघा. चालत असती तर लेव्हल कशाला बघितली असती? तेव्हा सपाट जागेवर इंजिन आयडलला तापू द्या, ब्रेक दाबून दांडा प्रत्येक जागी काही सेकंद ठेवा, ‘पी’ला आणा आणि इंजिन चालू असतानाच डिपस्टिक, म्हणजे ऑइलची लेव्हल दाखवणारी पट्टी काढा. काही कंपन्या मात्र इंजिन बंद करून बघायला सांगतात, म्हणून मॅन्युअल उघडाच. डिपस्टिकच नसेल तर लिफ्टवर लेव्हल प्लग खोलण्यावाचून इलाज नाही. ऑइल कमी असलं की पंप हवा ओढतो, दाब बनत नाही आणि एकही क्लच धरत नाही. मग गाडीखाली वाका : आपल्या गतिरोधकांची उंची पाहता ऑइल पॅनवर ओरखडा सापडला तर नवल नाही. लेव्हल बरोबर असेल, तर गॅरेजला दाब गेज लावून मोजायला सांगा. दाब शून्य निघाला की संशय पंपावर, तुंबलेल्या फिल्टरवर किंवा इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला पोचवणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरवर.

घरात जिला ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात ती पुष्कळदा एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) असते. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर ती इथे आली. तिच्यात साधाच गिअरबॉक्स असतो, क्लच दाबायचं काम पाय नव्हे, मशीन करतं. हायड्रॉलिक पंपवाल्या गाडीत ड्रायव्हरचं दार उघडताच पंपाची बारीक घरघर येते. ती नसेल तर फ्यूज, रिले आणि बॅटरी बघा. ब्रेक दाबल्यावर मागचे लाल दिवे लागतात का तेही बघा; ब्रेकचा स्विच गेला असेल तर कंट्रोलरला आपण ब्रेक दाबलाय हेच कळत नाही आणि तो गिअर टाकत नाही. दिवे पाहायला कुणीतरी गाडीमागे उभं राहावं लागतं, म्हणजे जमलेल्या तज्ज्ञांपैकी एकाची सोय झाली.

स्कॅनरवर पी०७०० हा बिघाडाचा कोड दिसला म्हणून हुरळू नका. ‘गिअरबॉक्सच्या कंट्रोलरला काहीतरी सांगायचंय’ एवढाच त्याचा अर्थ. काय सांगायचंय, ते त्या कंट्रोलरमध्ये शिरणारा स्कॅनरच वाचतो.

गॅरेजला न्यायची तर फ्लॅटबेडवरच. पुढची चाकं चालवणारी गाडी दोरीने ओढत कर्वे रस्त्यावरून नेली, तर इंजिन बंद, म्हणून पंप बंद, आणि फिरणाऱ्या भागांना ऑइल मिळत नाही. मग तो पहिला निकाल खरा व्हायला वेळ लागत नाही.