स्पेनमधलं सुट्टीचं घर: परताव्याआधी दिवस मोजा

‘स्पेनमध्ये समुद्राकाठी फ्लॅट घ्या, भाड्यातून खर्च निघेल आणि व्हिसाचंही काम होईल,’ असा सल्ला महाराष्ट्रात अजून सर्रास दिला जातो. स्पेनमध्ये राहून तो ऐकताना काळजी वाटते, कारण त्यातला व्हिसाचा भाग आता साफ चुकीचा आहे. 5 लाख युरोंच्या घरावर राहण्याचा परवाना देणारी योजना 2013 मध्ये आली आणि 3 एप्रिल 2025 ला बंद झाली. आता घर तुमच्या नावावर असलं तरी भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक व्हिसा) काढावाच लागतो आणि कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. हे 90 दिवस सगळ्या शेंगेन देशांचे मिळून असतात. मुलीकडे पॅरिसला काढलेला महिनाही त्यातच धरला जातो.

भाड्याचं गणितही बदललंय. पर्यटकांना घर द्यायचं तर स्थानिक नियमांनुसार परवाना किंवा नोंदणी लागते. 3 एप्रिल 2025 पासूनच, नव्याने असं भाडं सुरू करायला इमारतीतल्या मालकांच्या तीन-पंचमांश बहुमताची मंजुरीही लागते. बार्सिलोनाने तर नोव्हेंबर 2028 पर्यंत पर्यटकांच्या फ्लॅटचे सगळे परवाने संपवायचं ठरवलंय. आणि भाडं आलं, तरी युरोपीय संघातल्या मालकाला 19 टक्के कर आणि खर्चाची वजावट मिळते. भारतात राहणाऱ्या मालकाला 24 टक्के द्यावे लागतात आणि कर खातं त्याची वजावट मान्य करत आलेलं नाही.

घर कुलूप लावून ठेवलं तरी कर चुकत नाही. सरकारी दप्तरातल्या मूल्याच्या 1.1 किंवा 2 टक्के रक्कम तुमचं मानीव उत्पन्न धरली जाते. मूल्य 80,000 युरो असेल, तर 1.1 टक्क्यांनी 880 युरो आणि त्यावर 24 टक्के म्हणजे 211 युरो. रक्कम किरकोळ, पण विवरणपत्र दरवर्षी स्वतःहून भरायचं असतं आणि नोटीस येईपर्यंत अनेकांना त्याचा पत्ताच नसतो. नगरपालिकेची घरपट्टी आणि सोसायटीचा मेंटेनन्स वेगळा.

आता मूळ वादाकडे, म्हणजे बाहेरच्यांनी इथे घरं घ्यावीत का, याकडे. कोकणात बाहेरचे लोक जमिनी घेतात, वर्षभर घरं बंद ठेवतात आणि गावातल्या पोराला खोली परवडत नाही, ही तक्रार आपल्याला पटते. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेऊ न देणारा कायदा महाराष्ट्रात 1948 पासून आहे, हिमाचलात तर नियम आणखी कडक आहेत. मग स्पेनमधल्या मालागा आणि पाल्मा या शहरांचे रहिवासी घरभाड्याविरुद्ध रस्त्यावर उतरतात, तेव्हा त्यांना परदेशीद्वेष्टे म्हणून मोकळं होणं मला मान्य नाही. पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी जानेवारी 2025 मध्ये युरोपीय संघाबाहेरच्या, स्पेनमध्ये न राहणाऱ्या खरेदीदारांवर घराच्या किमतीच्या 100 टक्क्यांपर्यंत कर लावण्याचा प्रस्ताव जाहीर केला. तो मंजूर होवो न होवो, वारं कुठल्या दिशेचं आहे ते स्पष्ट आहे. म्हणून माझं मत सरळ आहे: वर्षाला दोन-अडीच महिने स्वतः राहणार असाल तरच घ्या. पंधरा दिवसांसाठी जाणाऱ्याने भाड्याने राहावं, त्यातच दोन्हीकडच्यांचं भलं आहे.

घ्यायचंच ठरलं, तर पैशांची आखणी आधी करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एका निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. आंदालुसिया या दक्षिण स्पेनमधल्या प्रांतात जुन्या घरावर 7 टक्के हस्तांतरण कर, शिवाय नोटरी, नोंदणी आणि वकील धरून 10 टक्क्यांच्या आसपास वर जातात. म्हणजे 2 लाख युरोंच्या घरालाच एकाची मर्यादा जेमतेम पुरते किंवा अपुरी पडते. नवरा-बायकोच्या मर्यादा एकत्र करायच्या तर दोघंही सहमालक हवेत. शिवाय 10 लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर) घेते. एकाने 2 कोटी पाठवले तर 38 लाख रुपये. तो प्राप्तिकरात वळता होतो, पण तोपर्यंत अडकतो.

व्यवहार सहसा फसतो तो इसाराच्या टप्प्यावर. दलाल 10 टक्के इसार मागतो. खरेदीदार फिरला तर इसार जातो, विकणारा फिरला तर त्याने दुप्पट परत द्यायचा. पण ही अट करारात स्पष्ट लिहिलेली असेल तरच. सही करण्याआधी वकिलाकडून ‘नोता सिंप्ले’ काढून घ्या. तो नोंदणी कार्यालयाचा उतारा असतो, त्यात मालक, कर्ज आणि जप्ती दिसते. मात्र सोसायटीची थकबाकी त्यात कळत नाही आणि चालू वर्षाची व मागच्या तीन वर्षांची थकबाकी नव्या मालकाच्या घरावर येते. त्याचा दाखला सोसायटीच्या व्यवस्थापकाकडून मागावा. विकणारा स्वतः स्पेनचा रहिवासी नसेल (किनाऱ्यावर असे बरेच असतात) तर किमतीतले 3 टक्के तुम्ही कापून महिन्याभरात कर खात्यात भरायचे. ते राहिलं, तर वसुली तुमच्या घरावर येते.

बलेआरिक आणि कनारी बेटं किंवा कार्ताहेनाच्या परिसरात शहरी हद्दीबाहेरचं घर असेल, तर युरोपीय संघाबाहेरच्यांना लष्करी परवानगी लागू शकते आणि तिला महिने जातात. तिची अट इसाराच्या करारात नसेल तर मुदत टळते आणि इसार बुडतो. इकडे भारतातून पाठवलेले आणि न वापरलेले पैसे 180 दिवसांत परत आणण्याचा नियम आहे, हेही त्याच कॅलेंडरवर लिहून ठेवा.

खरेदीनंतर भारतातल्या विवरणपत्रात शेड्यूल एफएमध्ये (परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात) हे घर दरवर्षी दाखवायचं, भाडं आलं नसलं तरीही. राहून गेलं तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली 10 लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. 20 लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला दिलेली सूट स्थावराला लागू नाही.