तांबेऱ्याची जुनी पाकिटं जाळायची? जरा थांबा

"हर्बेरियममधले (सुकवलेल्या झाडांच्या संग्रहातले) तांबेऱ्याचे जुने नमुने स्कॅन करा आणि जाळून टाका. त्यांत रोग जिवंत असतो, डीएनए मात्र केव्हाच संपलेला असतो," असा मजकूर सध्या फिरतोय. तांबेरा म्हणजे झाडांवरचा बुरशीचा रोग; त्याची सुकवलेली पानं कागदी पाकिटांत ठेवलेली असतात. रोग जिवंत आणि डीएनए संपलेला, हे एकाच पाकिटात कसं जमतं ते लिहिणाराच जाणे.

आधी स्कॅन. कॉफीच्या तांबेऱ्याला १८६९ मध्ये सिलोनच्या नमुन्यांवरून 'हेमिलिया व्हॅस्टॅट्रिक्स' हे नाव मिळालं. 'हेमिलिया' म्हणजे अर्धं गुळगुळीत: बीजाणूची एक बाजू काटेरी, दुसरी गुळगुळीत. ही खूण स्कॅनमध्ये येतच नाही. ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) एक पिक्सेल सुमारे ४२ मायक्रॉनचा आणि बीजाणू साधारण ३० मायक्रॉनचा. गव्हाचा काळा आणि तपकिरी तांबेरा वेगळा ओळखायलाही बीजाणूवरची अंकुरछिद्रं (अंकुर बाहेर पडायची भोकं) मोजावी लागतात. त्यासाठी सुईच्या टोकाएवढी पूड काचपट्टीवर घ्यायची आणि सूक्ष्मदर्शकात ४०० पट मोठी करून बघायची.

"रोग जिवंत असतो" यात तथ्य नाही. तांबेऱ्याला वाढायला जिवंत यजमान झाड लागतं आणि त्याचे नारिंगी बीजाणू खोलीच्या तापमानाला काही आठवडे, फार तर काही महिने तगतात. खरी भीती वेगळीच आहे. जुन्या नमुन्यांना किडीपासून वाचवायला मर्क्युरिक क्लोराइड हे पाऱ्याचं विषारी रसायन चोपडत. म्हणून नायट्राइल हातमोजे घाला, पूड फुंकू नका. आणि जाळणं तर नकोच, पाऱ्याची वाफ होते.

डीएनए तुटतो, संपत नाही. तुकडे बहुधा शंभर बेसच्या (डीएनएच्या 'अक्षरां'च्या) आतले असतात आणि टोकांना सायटोसिन हे अक्षर बिघडलेलं असतं. नेहमीचा लांब पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायची पद्धत) त्यामुळेच फसतो, तेव्हा छोटे तुकडे वाचणारी पद्धत घ्यायची. २०१३ मध्ये बटाट्याच्या करप्याचा जीनोम (संपूर्ण डीएनए) एकोणिसाव्या शतकातल्या पानांतून वाचला गेला. करपा हा तांबेरा नव्हे, पण सुकलेल्या पानाचं रसायन तेच. चाचणीसाठी पानावरचा तांबेऱ्याचा एकच फोड घ्या, पाकिटात तशी चिठ्ठी ठेवा आणि सोबत नमुना न घातलेली कोरी नळीही चालवा. त्या नळीत काही उमटलं, तर बाहेरचा डीएनए शिरलाय, तो निकाल रद्द.

मुंबईत पाकिटांचा खरा शत्रू दमटपणा. कीड मारायला पाकीट हवाबंद पिशवीत घालून उणे २० अंशांवर आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका. घाई केली तर थंड कागदावर पाणी धरतं आणि तांबेऱ्याच्या पाकिटात भलतीच बुरशी उगवते.