टोचन

रविवारी भर समुद्रात मला टोचन लागलं. हायवेवर बंद पडलेल्या टेम्पोला लागतं तसंच. फरक एवढाच की टेम्पोवाला "मी मुद्दाम थांबलोय" असं कुणाला सांगत नाही. मी सांगितलं.

हिशेब चुकला नव्हता, हे आधी नोंदवून ठेवतो. मांडवा ते गेटवे सरळ रेषेत १४ किलोमीटरच्या आसपास, दिशा उत्तर-वायव्य. दुपारी निघालं तर खारा वारा वायव्येकडून, म्हणजे नेमका नाकावर. शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर जात नाही. ४५ अंश डावीकडे, मग ४५ अंश उजवीकडे, अशी ती वर चढवावी लागते आणि १४ चे २० होतात. म्हणून शहाण्याने सकाळचा मतलई धरावा. तो जमिनीवरून येतो, कुशीतून लागतो आणि होडी न कुरकुरता पळते. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे दोन मार्कांना होते. पण एकाची पाळी संपून दुसऱ्याची सुरू होईपर्यंत मध्ये बराच वेळ कुणीच ड्यूटीवर नसतं, हे काही त्या पुस्तकात नव्हतं. मतलई साडेदहाला गेला.

त्यात तिथी द्वादशी. किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा, की तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ मिळते. १२ ची पाऊणपट ९. नऊला भरती, तीनला सुकती. ओहोटीचं पाणी सहा तास सारख्या वेगाने उतरत नाही. त्याचे बारा हिस्से केले तर पहिल्या तासात १, मग २, ३, ३, २ आणि शेवटच्या तासात १. म्हणजे अकरा ते एकमध्येच निम्मं पाणी बंदराबाहेर जायला निघतं. ते जाताना आपली होडीही घेऊन जातं. होडी पाण्यातून अर्ध्या नॉटने (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर) गेटवेकडे आणि पाणी दोन नॉटने बंदराच्या तोंडावरच्या प्रॉंग्ज दीपगृहाकडे. बाकी वजाबाकी तुम्हीच करा.

हे सगळं मला माहीत होतं. पण मागे पाच हॉर्सपॉवरचं इंजिन टांगलेलं होतं, म्हणून मनावर घेतलं नव्हतं.

आउटबोर्ड इंजिन चालू असलं की मागून पाण्याची एक बारीक धार पडत असते, लहान मूल शू करतं तशी. ती धार दिसतेय तोवर सगळं ठीक. धार थांबली की लगेच इंजिन बंद करायचं, कारण इंजिन गार ठेवणारं पाणी वर येत नाहीये. आमची धार थांबली. खाली पाणी घ्यायच्या जाळीवर दुधाची पिशवी चिकटली होती, अर्धा लिटरची. पिशवी काढली, तरी धार नाही. पाणी खेचणारं रबरी पात्यांचं चाक, ज्याला इम्पेलर म्हणतात, ते कोरडं फिरलं की मिनिटभरातच त्याची पाती जळतात. नवा इम्पेलर फार महाग नसतो आणि दर मोसमात बदलायचा असतो. माझ्याकडे नवा होताही, डब्यात, पाकीट न फोडलेला. पण तो बसवायला इंजिनाचा खालचा पाय पूर्ण उतरवावा लागतो. हलत्या होडीच्या मागे ओणवं होऊन हे करणाऱ्याचे बोल्ट एकामागून एक समुद्रार्पण होतात. मुंबई बंदराच्या तळाशी माझ्या मालकीचे चार बोल्ट, दोन शॅकलच्या पिना, एक पकड आणि एक चष्मा आधीच आहेत.

लोक विचारतात, रविवारभर पाण्यावर करता तरी काय? लोकांच्या डोळ्यांसमोर पांढरं शीड आणि हातात थंड ग्लास असतो. प्रत्यक्षात होडीचा मालक पाण्यावर असतो तेव्हा बहुतेक वेळ डोकं खाली आणि पार्श्वभाग वर अशा आसनात असतो. तळाशी साठलेलं पाणी उपसतो, ते आलं कुठून ते शोधतो, आणि सापडलं नाही तर खारं आहे की गोडं ते चाखून बघतो. गोडं असेल तर पिण्याच्या टाकीची गळती, खारं असेल तर जरा लवकर हातपाय हलवायचे. अनुभवाने सांगतो, चव बहुधा पेट्रोलची असते. उरलेल्या वेळात तळ खरवडायचा. आपल्या कोमट पाण्यात महिनाभर होडी नुसती बांधून ठेवली तर तळावर बार्नॅकलची, म्हणजे चिकटून बसणाऱ्या कवचवाल्या प्राण्यांची, चुनखडी शहरं वसतात. तांबंयुक्त विषारी रंग लावूनही ती वसतात, फक्त जरा उशिरा. असा तळ घेऊन जाणं म्हणजे पायपुसणं गुंडाळून पोहणं. आणि इतकं करून वेग किती? पाण्यावरची लांबी २० फूट, तिचं वर्गमूळ साडेचार, गुणिले १.३४, म्हणजे सहा नॉट. ताशी ११ किलोमीटर, तेही सगळं जुळून आलं तर. सायकलवाला दूधवाला पुढे जातो. बहुधा त्याचीच ती पिशवी.

तर अशा अवस्थेत असताना नाखवा आले. डिझेलची मासेमारी होडी. वेग कमी करत शेजारी आले, वय सत्तरीचं, डोक्याला टॉवेल.

"मशीन बंद परली काय, दादा?"

"नाही नाही, शिडावर चाललोय."

त्यांनी शिडाकडे पाहिलं. ते बाल्कनीत वाळत घातलेल्या चादरीसारखं लोंबत होतं. "कवापासून?"

"साडेआठला निघालो. मांडव्याहून."

"जायाचा कुठं?"

"गेटवेला."

नाखव्यांनी मागच्या पोराला सांगितलं, "गेटवेला चाललेत." पोराने गेटवे पाहिलं, आमच्या होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाहिलं, मग आम्ही ज्या दिशेला सरकत होतो तिकडे पाहिलं आणि जाळ्याशी काहीतरी काम काढलं.

"मशीन हाय ना पन?"

"आहे."

"मंग?"

"बंद पडली."

"हां!" इतकं समाधान मी डॉक्टरांच्याही चेहऱ्यावर कधी पाहिलेलं नाही. "मासं मारतांव?"

"नाही."

"मान्सं नेतांव, पैशे घेऊन?"

"नाही हो. हौस म्हणून. जायचं, यायचं."

"येतांव कुठं?" नाखवा म्हणाले.

यावर उत्तर नव्हतं. ते मात्र आता खुशीत आले होते. म्हणाले, त्यांच्या आज्याची होडी शिडाचीच होती. वारा पडला की वल्ही मारून मारून हाताची सालं निघायची, वर मासळी नासायची ती वेगळीच. बापाने कर्ज काढलं, मशीन बसवली आणि शिडाचं कापड आईने वर्षभर पावसात घरावर अंथरलं. "तुमी कर्ज काढून शीड लावलाव?"

कर्ज नाही, म्हटलं. मग नवं शीड कितीला पडलं, हे त्यांनी विचारलं. मी आकडा सांगितला. नीट ऐकू यावा म्हणून त्यांनी मशीन बंद केली. मी पुन्हा सांगितला. तेवढ्यात मांडव्याची फेरी बोट बाजूने गेली. वरच्या डेकवरची माणसं मोबाइल काढून आमचं शूटिंग करत होती. तिच्या लाटेने आमचं बूम, म्हणजे शिडाखालची आडवी काठी, डावीकडून उजवीकडे आलं आणि माझ्या टाळूला लागलं.

खरं सांगू, राग नाखव्यांचा नव्हता. सातशेहून जास्त किलोमीटरचा किनारा असलेल्या राज्यात शिडाची होडी म्हणजे एक तर श्रीमंतांचे चाळे, नाहीतर पराक्रम. मधलं काही नाही. घरी काही उणं झालं की मेहुणे नौदलातल्या दिलीप दोंद्यांची आठवण काढतात: २००९ च्या ऑगस्टमध्ये 'म्हादेई' ही शिडाची होडी घेऊन एकटे मुंबईहून निघाले, मे २०१० मध्ये पृथ्वीला फेरी मारून परत. "तुम्हाला मांडवा जमेना?" साध्या माणसाने साध्या होडीत बसावं म्हटलं, तर पाय उतरवायला धड पायरी मिळत नाही. ओहोटीला त्या पायरीवर शेवाळ, भरतीला ती दिसतच नाही. आणि उरलेल्या समुद्रात दुधाच्या पिशव्या.

"टोचन लावूं?" नाखवा म्हणाले.

ओढायचा दोर नायलॉनचा हवा, कारण तो ताणला जातो आणि हिसके पचवतो. २५ मीटर तरी लांब हवा. पुढच्या खुंटीला एकट्यावर बांधायचा नाही, हिसक्याने उपटून येते. डोलकाठीच्या बुडाशी बांधायचा. हे सगळं मी बरोबर केलं. कुणीतरी पाहत असेल म्हणून बोलाइन गाठही छान मारली. नाखव्यांनी आपल्या टोकाला दोन फेरे मारून नुसता पाय ठेवला.

"त्या शीड उतरवा. उगा मधीच भरला तर माझ्या अंगावर याल."

उतरवलं. घडी घातली, पट्ट्या बांधल्या. दोर ताणला गेला आणि आम्ही गेटवेच्या दिशेने, या खेपेला खरोखरच, निघालो. पाच मिनिटं झाली असतील. कानामागे गार वाटलं. पाण्यावर पश्चिमेकडून काळसर सुरकुत्या येताना दिसल्या. खारा वारा, पाऊण वाजता, वेळेच्या आधी. दहा-बारा नॉटचा, स्वच्छ.

मी काही बोललो नाही. नाखव्यांनी टॉवेल सारखा केला, मान वळवून वाऱ्याकडे पाहिलं, मग गुंडाळलेल्या शिडाकडे, मग माझ्याकडे.

"सोरूं काय?" त्यांनी ओरडून विचारलं.

नको, म्हटलं. चालू द्या.