पाच सेंटीमीटरची रेघ

घर बांधायला विटा, वाळू आणि सिमेंट लागते असा माझा समज होता; प्रत्यक्षात ते आधी कितीतरी महिने कागदावरच बांधावे लागते. शहर लहान असल्यामुळे परवानगी लवकर मिळेल, हा माझा दुसरा समज. लहान शहराच्या नगररचना विभागात नकाशे तपासणारा अभियंता बहुधा एकच असतो, आणि अतिक्रमणे, नाले व खड्डे हेही त्याच्याच गळ्यात असल्यामुळे तो ‘साइटवर’ असतो. कोणत्या, हे शिपायालाही ठाऊक नसते.

मालकीचा उतारा, मोजणीचा नकाशा, करभरणीची पावती आणि वास्तुविशारदाच्या सहीचे नकाशे असा गठ्ठा घेऊन मी आवक खिडकीशी उभा राहिलो. लिपिकाने तो न उघडता हातात तोलून पाहिला आणि शिक्का मारला. त्या आवाजाने मला जे समाधान दिले, ते पुढे त्या इमारतीत पुन्हा लाभले नाही.

महिन्याभराने त्रुटीपत्र आले. नकाशावर उत्तर दिशेचा बाण नव्हता (सूर्य आमच्या कोणत्या खिडकीतून दिसतो हे मी तोंडी सांगायला तयार होतो, पण तशी सोय नाही). पाडायची जुनी शेड पिवळ्याऐवजी लाल रंगात दाखवल्यामुळे, ती पडकी शेड मी हौसेने नव्याने बांधणार आहे असा अर्थ निघत होता. या दोन्ही चुका मी मुकाट्याने मान्य केल्या. मात्र मागील सामासिक अंतर, म्हणजे घर आणि मागची हद्द यांच्यात मोकळी सोडायची जागा, ३ मीटरला ५ सेंटीमीटर कमी पडते, हा तिसरा आक्षेप काही केल्या गळी उतरेना.

चौथ्या खेपेस साहेब जागेवर सापडले. त्यांनी खणातून पट्टी काढली, शर्टाच्या बाहीला पुसली आणि नकाशावर टेकवून म्हणाले, “बघा, साडेएकोणतीस मिलिमीटर.”

नकाशाचे प्रमाण १:१००, म्हणजे कागदावरचा १ मिलिमीटर जमिनीवर १० सेंटीमीटर होतो. भूखंडाची हद्द जाड काळ्या रेघेने दाखवावी असा नियम असल्यामुळे ती रेघ अर्धा मिलिमीटर जाड होती. वास्तुविशारदाने अंतर तिच्या बाहेरच्या कडेपासून धरले होते आणि साहेबांनी आतल्या. थोडक्यात, शेजाऱ्याला जे इतक्या वर्षांत जमले नव्हते ते पेनाने केले होते: माझ्या जागेत ५ सेंटीमीटर अतिक्रमण.

“मग रेघ बारीक काढू का, साहेब?”

“हद्दीची रेघ बारीक चालत नाही. घर सरकवा.”

वास्तुविशारदाने धसक्याने घर पूर्ण १ मिलिमीटर पुढे सरकवले, साहेबांच्या मोजणीप्रमाणे मागचे अंतर ३.०५ मीटर लिहिले, आणि यथावकाश नकाशा मंजूर झाला. जोते उभे राहिल्यावर तपासणीसाठी साहेब स्वतः आले. टेपचे एक टोक मी हद्दीच्या दगडावर धरले. जमिनीवरच्या हद्दीला जाडी नसते, त्यामुळे अंतर ३.१० मीटर भरले. आपण दंड टाळून वर ५ सेंटीमीटर दानही दिले, या आनंदात मी साहेबांकडे पाहिले.

“मंजूर नकाशात ३.०५ आहे,” ते टेप गुंडाळत म्हणाले. “सुधारित नकाशा दाखल करा. आणि या वेळी उत्तरेचा बाण विसरू नका.”